घरचा दुभाष्या

चौथ्या वर्षाच्या नोव्हेंबरात पाद्री घडवणाऱ्या त्या सेमिनरीतल्या प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद पडे. वर नाव आणि खाली सहा ओळी: रुग्णालय, तुरुंग, शाळा, तरुण मंडळी, वृद्धाश्रम, कर्णबधिर. पुढची दोन वर्षं कुणाच्या सेवेत घालवायची, आणि बिशपांची मर्जी असली तर दीक्षेनंतरही कुठे राहायचं, ते त्या कागदावरच्या एका फुलीने ठरायचं. बाकीच्यांनी आठ-आठ दिवस कागद उशाखाली ठेवला, उपास धरले, एकमेकांची डोकी खाल्ली. कोर्नेल झावादाने मात्र जेवणघरातून बाहेर पडायच्या आत 'रुग्णालया'पुढे फुली मारली आणि कागद परत देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी रेक्टर फादर इग्नात्सींनी त्याला बोलावून घेतलं.

"कोर्नेल, तुझा हात घसरलेला दिसतोय."

"नाही, फादर."

"अरे, कर्णबधिरांची ओळ शेवटी आहे. घाईत राहून गेली असेल."

"वाचली होती मी."

रेक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस प्रेमळ होता, पण एकदा मनात एक गोष्ट बसली की ती तिथून हलवायला त्यांना वेळ लागे. "हे बघ, म्हातारे फादर आदाम गेले त्याला आता पंधरा वर्षं होतील. सबंध धर्मप्रांतात खुणांची भाषा येणारा एक पाद्री उरलेला नाही. आणि देवाने तुला पाठवलं! आईबाप दोघंही बहिरे. बोलायला लागायच्या आधी तू हाताने बोलत होतास. मी तर बिशपसाहेबांना सांगूनसुद्धा बसलो."

"मला आधी विचारायला हवं होतं, फादर."

चष्मा परत डोळ्यांवर गेला. मग रेक्टर म्हणाले, "खरंय. चुकलंच माझं. पण कारण तरी सांगशील?"

कोर्नेलने मान खाली घातली. कारण होतं, पण ते ओठांवर आणायची त्याला लाज वाटत होती.

वयाच्या पाचव्या वर्षापासून तो त्या घराचं तोंड आणि कान होता. डॉक्टरकडे तो, नगरपालिकेत तो, शाळेत स्वतःच्या खोड्यांबद्दल बाई काय म्हणाल्या ते आईला सांगायलाही तोच. त्यातल्या निम्म्या तक्रारी वाटेत गळून पडत, हा भाग वेगळा. बापाच्या पोटात दुखतं ते नेमकं कुठे, आईची पाळी का चुकते आहे, असल्या गोष्टी पोराने परक्या माणसासमोर मोठ्याने बोलायच्या आणि मग परक्याचं उत्तर हातांवर घेऊन घरी आणायचं. जानेवारीत घराघरांना आशीर्वाद द्यायला गावचे फादर यायचे, तेव्हा आईबाप भिंतीला टेकून उभे राहत आणि फादर सगळं कोर्नेललाच विचारत. "आई बरी आहे ना? बाबा कामाला जातात ना?" जणू ते दोघं त्या खोलीत नव्हतेच. सेमिनरीत आला तेव्हा पहिले कित्येक महिने त्याला नुसतं सुख वाटे ते याचं, की समोरचा बोलतोय आणि ते आपल्याला कुणाला सांगायचं नाहीये.

हे रेक्टरांना कसं सांगणार? आईबापाचा कंटाळा आलेला मुलगा पाद्री व्हायला निघालाय, असंच ऐकू आलं असतं.

"मला आजाऱ्यांमध्ये राहायचंय," एवढंच तो म्हणाला.

रेक्टरांनी उसासा टाकला. "बरं. रुग्णालयात जा. पण हा कागद मी ईस्टरच्या उपासापर्यंत पुढे पाठवत नाही."

*

रुग्णालयात त्याचं बरं चाललं होतं. नदीपलीकडच्या त्या लांबलचक पिवळ्या इमारतीत तो मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी जाई. तिथल्या फादरांबरोबर खाटाखाटांपाशी फिरे, कुणाला पाणी दे, कुणाचं पत्र लिहून दे, कुणाच्या सुनेची निंदा ऐकून घे. बायका त्याला "फादरबाळ" म्हणत. आपण इथलेच, असं त्याला वाटायला लागलं होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी रुग्णालयाचे फादर जिन्यातच भेटले. "बरा आलास. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारा आहे, वालेरियान नावाचा. चांभारकाम करायचा. बहिरा आहे. डॉक्टर म्हणतात, आठवडा काढला तर पुष्कळ. त्याला पापकबुली द्यायचीय असं वाटतं, सारखा छातीवर हात आपटतो आणि माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडे बोट दाखवतो. मला काही कळत नाही. तू मध्ये बस. दुभाष्याला बसायची परवानगी आहे. फक्त जे ऐकशील ते मेल्यावरही बोलायचं नाही."

नाव ऐकून कोर्नेल पायरीवरच थांबला. म्हाताऱ्याला तो चांगला ओळखत होता. वालेरियानकाका त्यांच्याच गावचे, ओल्शान्याचे. बहिऱ्यांच्या सहलीत कोर्नेलला खांद्यावर घेऊन नदी ओलांडलेले.

म्हातारा उशांना टेकून बसला होता. गाल आत गेले होते, पण हात अजून चांभाराचेच होते, रुंद आणि काळसर. कोर्नेलला बघून त्याचा चेहरा उजळला.

"झेनोनचा पोरगा! केवढा झालास! आणि हा काळा झगा, आईने शिवला ना? शिवण ओळखतो मी तिची."

"तिनेच शिवला, काका. हे फादर आलेत. तुम्हाला कबुली द्यायचीय म्हणाले. तुम्ही मला सांगा, मी त्यांना सांगतो."

म्हाताऱ्याचे हात हवेतच थांबले. त्याने फादरांकडे पाहिलं, मग कोर्नेलकडे, मग पुन्हा फादरांकडे. आणि दोन्ही हात त्याने पांघरुणाखाली घालून टाकले.

बहिऱ्या माणसाने हात झाकून घेणं म्हणजे काय, ते कोर्नेलला चांगलं ठाऊक होतं.

"काय झालं?" फादरांनी विचारलं.

"ते बोलणार नाहीत," कोर्नेल म्हणाला.

मग एक हात हळूच बाहेर आला. "पोरा, तुझ्या आईच्या लग्नातले बूट मी शिवले. तुझ्या बापाबरोबर चाळीस वर्षं पत्ते खेळलो. माझी पापं तुझ्या हातून कशी जाणार? त्यातली दोन तर तुझ्या बापाशी केलेली आहेत."

कोर्नेलने हे फादरांना सांगितलं नाही. "त्यांना लाज वाटते," एवढंच म्हणाला.

रुग्णालयाचे फादर समजूतदार होते. ते खाटेच्या कडेला बसले, म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि कोर्नेलला म्हणाले, "त्याला सांग, काही बोलू नको. पापं मनात आण, वाईट वाटतंय एवढं देवाला सांग, आणि छातीवर हात ठेव. अशा वेळी तेवढं पुरतं." मग त्यांनी पापक्षमेची प्रार्थना म्हटली आणि म्हाताऱ्याच्या कपाळावर क्रूस काढला. म्हातारा रडला. फादर पुढच्या खाटेकडे गेले.

कोर्नेल उठू लागला तशी वालेरियानकाकांनी त्याची बाही धरली.

"रागावलास?"

"नाही, काका."

"फादर आदाम गेल्यापासून मी कबुली दिली नव्हती, आणि कबुली नाही तर प्रसाद नाही. पंधरा ईस्टर. सगळे प्रसाद घ्यायला वेदीपाशी जातात तेव्हा मी बाकावर बसतो. तुझ्या बापाला लिहिता येतं, तो कागदावर कबुली देऊन उठतो. मी एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला तुझी आई."

कोर्नेल पुन्हा खाली बसला.

"तुला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. आई प्रसादाला उठत नाही हे त्याने कितीतरी वर्षं पाहिलं होतं. पण आईला तिची पापं कोणता मुलगा विचारतो? गुडघे दुखत असतील, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं, आणि सेमिनरीत चौथ्या वर्षापर्यंत धर्मशास्त्र शिकूनही त्याने तेच सांगत राहणं सोडलं नव्हतं.

वालेरियानकाका पुढच्या बुधवारी गेले.

*

नाताळच्या सुट्टीला कोर्नेल घरी गेला. स्वयंपाकघरात आई, लुत्सिना, टेबलाशी बसून कणकेच्या चकत्या लाटत होती आणि त्यात कोबी आणि अळंबी भरून पिएरोगी मुडपत होती. बाप बाहेर ओसरीवर लाकडं फोडत होता. तो बहिरा असल्यामुळे कुऱ्हाडीचा आवाज किती होतो याची त्याला फिकीर नसे आणि शेजारच्यांना सवय झाली होती.

आई कामात असली की तिच्याशी बोलणं सोपं नसे. हात पिठात. म्हणून तो समोर बसून मुडपायला लागला आणि ताटं भरल्यावर तिने हात धुतले तेव्हाच त्याने विचारलं.

"आई, तू प्रसादाला का जात नाहीस?"

लुत्सिनाने हात पुसायला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ लावला.

"वालेरियान बोलला वाटतं. मरता मरता सुद्धा त्याला चोंबडेपणा सुटला नाही."

"आई."

"काय आई? तू अजून पाद्री झालेला नाहीस. मला प्रश्न विचारू नकोस."

"मी मुलगा म्हणून विचारतोय."

"मग तर मुळीच विचारू नकोस."

पण ती उठून गेली नाही. ती खिडकीकडे बघत बसली आणि मग, त्याच्याकडे न बघता, हात टेबलाच्या जवळ धरून बोलू लागली. लहानपणी तिला शाळेत खुणा केल्या की बोटांवर पट्टी मिळे. तेव्हापासून जड बोलायचं असलं की ती हात असे खाली घेई.

"तुला आठवतं, तू नऊ वर्षांचा होतास? तुझी आजी गेली."

"थोडं आठवतं. शेजारच्यांकडे फोन आला होता."

"त्यांनी तुला सांगितलं आणि तू पळत आलास. मी मशिनीवर बसले होते. तू म्हणालास, आजी मेली. आदल्याच दिवशी तू मला सांगितलं होतंस की छताला आग लागलीय. मी अनवाणी बर्फात धावले होते आणि तू हसत होतास. म्हणून मी तुला थोबाडीत मारली. तू रडलास आणि पुन्हा म्हणालास, आजी मेली. मी पुन्हा मारली, जास्त जोरात. तुझ्या ओठातून रक्त आलं. आणि तू तिसऱ्यांदा तेच म्हणालास. तेवढ्यात शेजारीण दारात आली. ती रडत होती."

कोर्नेलला छताची आग आठवत होती. रक्त आठवत नव्हतं.

"ईस्टरच्या आधी मी कबुलीला गेले. फादर आदाम नव्हते. नवीन फादरांना मी कागदावर लिहून दिलं. माझं लिहिणं कसं असतं ते तुला माहीत आहे, सगळे शब्द उलटेसुलटे. त्यांना काही कळेना. त्यांनी दार उघडलं, बाहेर तू माझी वाट बघत होतास. त्यांनी तुला आत बोलावलं आणि कागद तुझ्या हातात दिला. वाच म्हणाले."

"मी वाचला?"

"पहिले दोन शब्द. 'माझ्या मुलाला'. तेवढ्यात मी कागद ओढून घेतला." तिने आता त्याच्याकडे पाहिलं. "मी तुला मारलं हे मी तुझ्याच तोंडून देवाला सांगायचं? तूच मला ती बातमी आणायची, तूच मार खायचा, आणि मग माफीसुद्धा तूच मागायची माझ्या वतीने? मी म्हटलं, नको. त्यापेक्षा बाकावर बसते."

कोर्नेलने हातांवरचं पीठ झटकलं. मग तो म्हणाला, "आई, ते एवढं मोठं पाप नव्हतं. कुणीही सांगेल. तू चौदा वर्षं उगाच…"

"ते ठरवणारा तू कोण? आधी दीक्षा तर घे."

आणि तिला हसू आलं. तिच्या हसण्याला आवाज होता, तो तिला माहीत नव्हता. घोगरा आणि मोठा. लहानपणी रस्त्यात कोर्नेलला त्याची लाज वाटत असे. आज त्या आवाजाने त्याचं काहीतरी आतून सुटलं आणि जे कधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेच तो बोलून बसला.

"मी बहिऱ्यांच्या सेवेचा कागद भरला नाही, आई. रुग्णालय लिहिलं. मी थकलो होतो. जन्मभर मी तुमचा आवाज झालो. मला परत तेच व्हायचं नव्हतं."

झालं. त्याला वाटलं, आता ती रडेल.

लुत्सिनाने चुलीवरचं पाणी उकळलं का ते वाकून पाहिलं, झाकण ठेवलं आणि परत येऊन बसली. "आम्हाला माहीत आहे. तू सेमिनरीत गेलास त्या रात्री तुझा बाप म्हणाला, चला, पोराला आता जरा विसावा मिळेल. तुला काय वाटलं, आम्ही बहिरे म्हणजे आंधळे पण?"

"मग मी रुग्णालयातच राहू?"

"राहा की. पण एक ऐक. आम्हाला आवाज नकोय. आवाज आम्हाला घेऊन काय करायचाय? आम्हाला आमच्याशी बोलणारा माणूस हवाय. फादर आदाम कुणाचं बोलणं इकडून तिकडे नेत नसत. ते स्वतःचं बोलत. वाईट बोलत, निम्म्या खुणा चुकीच्या, पण स्वतःचं. त्यांनी एकदा तुझ्या बापाला दारूवरून असं झापलं की बाप दोन महिने शुद्धीवर होता." ती थांबली. "तू आमच्याशी स्वतःचं कधी बोललायस? सतत कुणाचं तरी घेऊन येतोस. डॉक्टर असं म्हणाले, बाई तसं म्हणाल्या. आज पहिल्यांदा स्वतःचं बोललास, ते पण भांडायला."

तेवढ्यात झेनोन लाकडांची मोळी घेऊन आत आला, दोघांचे चेहरे बघून दारातच थबकला आणि मोळी काखेत धरून एका हाताने विचारलं, "कोण मेलं?"

"कुणी नाही. हात धू आणि बस," लुत्सिना म्हणाली. मग कोर्नेलकडे वळून तिने एवढंच जोडलं, "आणि तू पाद्री झालास तरी मी तुझ्यापाशी कबुलीला येणार नाही, हे लक्षात ठेव. आईने लेकापाशी? शक्य नाही. माझ्यासाठी दुसरा कुणीतरी शोध."

*

जानेवारीतल्या एपिफनीच्या सणानंतर सेमिनरी उघडली, तसा कोर्नेल आपण होऊन रेक्टरांच्या दारात उभा राहिला.

"कागद अजून तुमच्यापाशी आहे का, फादर? मला फुली बदलायचीय. पण माझी एक अट आहे."

"अट?" रेक्टरांच्या भुवया वर गेल्या. "चौथ्या वर्षाचा मुलगा अट घालतो? सांग, ऐकू तरी."

"मी एकटा नको. मी एकटा असलो तर ज्यांना माझ्यापाशी बोलायचं नाही त्यांनी कुठे जायचं? गाव लहान असतं, फादर. बहिऱ्यांचं गाव तर त्याहून लहान. सगळे सगळ्यांचे नातेवाईक. मला इथे वर्ग घेऊ द्या. आठवड्याला दोन तास. ज्याला यायचं तो येईल."

रेक्टरांनी कपाळ चोळलं. मग ड्रॉवर उघडून त्यांनी कागद काढला आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. "गुरुवारी संध्याकाळी. तळमजल्यावरची खोली घे. ती गरम असते."

खोली गरम होती म्हणूनच पहिल्या गुरुवारी नऊजण आले. ईस्टरच्या उपासापर्यंत चार उरले. आणि त्या चारांत सगळ्यात निरुपयोगी, पण एकही तास न चुकवणारा, होता तिमेक.

तिमेक सहाव्या वर्षाचा, उपदीक्षा झालेला, जूनमध्ये पाद्री होणारा. शेतकऱ्याचा मुलगा, दाराच्या चौकटीएवढा, हात म्हणजे फावडी. तो बोलायला लागला की थांबत नसे. म्हणूनच तर आलो, असं तो म्हणायचा: "मला गप्प बसायला कुणी शिकवलं नाही. तू शिकव." त्याची बोटं एकमेकांत अडकत. 'देव' म्हणताना तो 'छप्पर' म्हणायचा आणि 'कृपा' म्हणताना असं काही, की कोर्नेलला भिंतीकडे तोंड करून हसावं लागे.

"काय म्हणालो मी?"

"ते मी पवित्र जागेत सांगू शकत नाही."

"सांग की रे! परत चुकायला नको."

मार्चमध्ये कोर्नेल त्याला एका रविवारी घरी जेवायला घेऊन गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आईबापांसमोर पाहुणा बसवला आणि स्वतः मध्ये बसला नाही. तो उठून भांडी घासायला गेला. पाठीमागे तिमेकचा घाम निघत होता. झेनोनने त्याला एक प्रश्न पाच वेळा विचारला. सहाव्या वेळी तिमेकला समजलं की गायी किती असं विचारतायत, आणि त्याने अत्यानंदाने बोटांवर चौदा मोजून दाखवल्या. मग गायींची नावं सांगायला गेला आणि तिथे रात्र पडली असती.

जाताना लुत्सिना कोर्नेलला म्हणाली, "वाईट बोलतो. फार वाईट."

"शिकेल, आई."

"शिकला नाही तरी चालेल. माझ्याकडे बघून बोलतो."

*

जूनमध्ये तिमेकची दीक्षा झाली आणि ओल्शान्यापासून दोन गावं पलीकडे त्याला मदतनीस पाद्री म्हणून नेमलं. ऑगस्टच्या मरियामातेच्या सणाच्या आधी, एका सकाळी, तो सायकलवरून आला. बहिऱ्या माणसाची कबुली जाळीमागे बसून होत नाही, समोरासमोर बसावं लागतं. म्हणून देवळाच्या मागच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या होत्या. लुत्सिनाने निळा रुमाल बांधला होता आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. ती आत गेली. दार लागलं.

कोर्नेल आणि झेनोन बाहेर लिंडेनच्या झाडाखाली बाकावर बसले. दाराला एक काच होती. कोर्नेल काचेकडे पाठ करून बसला. बहिऱ्यांच्या घरात वाढलेल्याला दुसऱ्याच्या हातांकडे न बघणं म्हणजे कानात बोटं घालण्यासारखंच.

"किती वेळ झाला?" झेनोनने विचारलं.

"दहा मिनिटं."

"चौदा वर्षांचं आहे. दर वर्षाला पाच मिनिटं धर." तो थोडा वेळ मधमाश्या बघत राहिला. "वालेरियानने माझ्याशी दोन लबाड्या केल्या होत्या. पत्त्यात. मला तेव्हाच माहीत होतं."

कोर्नेल चमकला. पण तो काही म्हणाला नाही, आणि बापानेही त्याच्याकडून काही अपेक्षा केली नव्हती.

पाऊण तासाने दार उघडलं. आधी तिमेक दिसला, शर्टाची कॉलर भिजलेली, चेहरा टोमॅटोसारखा. त्याच्या मागून लुत्सिना आली. तिचे डोळे सुजले होते आणि ती हसत होती, तो घोगरा, मोठा आवाज करत. देवळासमोरून जाणारी एक बाई थांबून बघू लागली. कोर्नेलने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काय झालं?" झेनोनने विचारलं.

"त्याने मला प्रायश्चित्त दिलं," लुत्सिना म्हणाली. "तीन बटाटे."

"काय?"

"तीन बटाटे. मी विचारलं, बटाटे? तो म्हणाला, हो, बटाटे, मनापासून. मी म्हटलं, आज की उद्या? तो म्हणाला, लगेच, वेदीसमोर गुडघे टेकून."

"प्रार्थना!" तिमेक ओरडला, मग ओरडून उपयोग नाही हे लक्षात येऊन त्याने हात वर केले आणि ते परत बटाटेच म्हणाले. झेनोन बाकावरून खाली सरकला. कोर्नेल पोट धरून हसत होता.

लुत्सिनाने तिमेकचे ते फावड्यासारखे हात आपल्या हातांत घेतले, त्याचं उजवं बोट नीट वाकवलं, अंगठा आत दाबला आणि दाखवलं, असं. तिमेकने करून दाखवलं. तिने मान डोलावली. मग ती एकटीच देवळात गेली. तीन प्रार्थनांना लागतो त्याहून ती बराच जास्त वेळ आत राहिली.

सणाच्या दिवशी प्रसादाच्या रांगेत ती झेनोनच्या मागे उभी राहिली, घेतला आणि जागेवर येऊन बसली. बाकीच्या लोकांना त्यात काही विशेष दिसलं नाही.

पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात कोर्नेलला उपदीक्षा मिळाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जिल्ह्याच्या गावी, एका बाजूच्या प्रार्थनागृहात, बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेतली उपासना, मिस्सा, सुरू झाली. मिस्सा तिमेक म्हणे. पहिल्या वेळी अकराजण आले. प्रवचन कोर्नेलने करायचं होतं. त्याने ते आठवडाभर लिहिलं होतं, घोटलं होतं. तो उभा राहिला आणि हात वर केले, आणि त्याच्या लक्षात आलं की आज आपण कुणाचं काहीच घेऊन आलेलो नाही. जे काही आहे ते आपलंच. हात तसेच थांबले. घोटलेलं सगळं गेलं.

तो किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. पहिल्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या शिंपिणीने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली आणि हात उचलले.

"सावकाश, बाळा," ती म्हणाली. "आम्हाला कुठे जायचंय? बस साडेबाराला आहे."